बिननावाचे फोटो

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

काल निमगाव सावाचं लग्न झालं. रखमाजींची मुलगी, आरती. माणसं भली, जेवण उत्तम, मांडववाल्यानं मात्र स्टेजवर असला झगमगीत पडदा लावला होता की डोळे दिपले.

मोठा कॅमेरा माझ्याकडं, जुना प्रतिभाकडं. गेल्या वर्षापासून बायको प्रत्येक लग्नाला बरोबर येते. म्हणते, बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोवाला घुसला की बायका आखडतात. ते खरंच आहे. शिवाय मंचरच्या दुकानात अल्बमची डिझाइनं तीच करते, त्यामुळं कुठला फोटो लागणार हे तिला आधीच माहीत असतं.

नवरीचे आजोबा, चिमाजी, नव्वदीला टेकलेले. खुर्चीतून काठीनं खुणावून मला बोलावलं. "ओ फोटोवालं, माझा बी काढा एक. एकट्याचा. या गर्दीत माझा नुसता फेटा येतोय."

"बसा नीट, काढतो."

"हासू का नको?"

"हसा की आजोबा. नातीचं लग्न आहे."

"दात न्हाईत, राव."

मी आठ-दहा काढले. प्रतिभा बाजूला उभी राहून हसत होती.

येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना नुसते काटे फुटलेले दिसत होते. हल्ली जो तो पांढरे दिवे लावतो. यांना दंड केला पाहिजे. प्रतिभा म्हणाली, व्हॅन मी चालवते. गाडी शिकल्यापासून तिला चालवायची लई हौस. चालवू दिली.

४ डिसेंबर, बुधवार

प्रतिभा फोटो निवडत बसली आहे. माझे फोटो ती धडाधड बाजूला टाकते. पूर्वी एवढी चिकित्सा करत नव्हती. मी म्हटलं, नवीन लेन्स घेतल्यापासून चित्र जरा मऊ, अंधुकच येतं, तो कंपनीचा दोष आहे. ती म्हणाली, "मग दाखवून आणा लेन्स. आणि जाता जाता डोळेपण."

चष्मा दोन वर्षांपूर्वीच बदललाय. बायकांना एकदा विषय सापडला की सोडत नाहीत.

९ डिसेंबर, सोमवार

आज वाईट झालं.

प्रतिभा सकाळीच माहेरी गेली. तिच्या आईचे, ठमाबाईंचे, गुडघे धरलेत, आणि वर डोंगराकडं भात झोडायचं राहिलंय. मी दुकानात एकटाच. काल कळंबला बारसं केलं होतं, त्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, फोटो उतरवून घेतले आणि पुढच्या कामासाठी कार्ड पुसून टाकलं. नेहमीचंच काम. पडद्यावर विचारणा आली, फॉरमॅट करू का. मी हो म्हटलं. पुसून झालं.

मग मशीन जड चालायला लागलं म्हणून बंद करून परत चालू केलं, तर चालूच होईना. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन-तीन ओळी. पार नाक लावून वाचल्या. वरच्या ओळीत 'एरर', खाली 'रेस्क्यू'. रेस्क्यू म्हणजे वाचवणं. मग वाचव की बाबा! पाच-सहा वेळा बंद-चालू केलं. तेच.

मंचरला विजेचा काही भरवसा नाही. झटका बसला असणार.

निमगाव सावाचं लग्न सगळं त्यात आहे. त्याची कार्डं नंतरच्या दोन कार्यक्रमांत वापरून झाली. बाहेरची डिस्क दिवाळीतच भरली, नवीन आणायची राहून गेली.

प्रतिभाला फोन केला. तिनं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आता कशालाही हात लावू नका. श्रेयाला विचारते."

१० डिसेंबर, मंगळवार

श्रेया आमची मुलगी. पुण्याला कंपनीत असते, कॉम्प्युटरचंच शिकलेली. दुकानातलं मशीन तिनंच कॉलेजात असताना लावून दिलं होतं. आज तिनं फोनवर मला समजेल असं सांगितलं.

एका डब्यात तीन घरं आहेत. एक विंडोजचं, त्यात अल्बमचं काम चालतं. दुसरं लिनक्सचं, त्यात सगळे फोटो राहतात, कारण तिथं व्हायरस शिरत नाही. तिसरं तिनं तेव्हा प्रयोगासाठी बांधलं होतं, ते नुसतंच पडून. मशीन चालू केलं की दारात एक रखवालदार विचारतो, कुठल्या घरात जायचं? तो रखवालदार राहायचा फोटोंच्या घरात.

"पप्पा, तो रखवालदार सापडत नाहीये. म्हणजे त्या घरालाच काहीतरी झालंय."

"फोटो गेले का मग?"

"तसं आत्ताच नाही म्हणता येत. वायर काढून ठेवा. चालूच करू नका. त्या डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं तर जुनं कायमचं जाईल. मी शनिवारी येते."

वायर काढून ठेवली. दुकानात बसून करायला काही नाही. समोरच्या रस्त्यानं कांद्याच्या गाड्या चालल्या होत्या, त्या बघत बसलो.

११ डिसेंबर, बुधवार

मंचरमध्येच साखरपुडा होता. कॅमेऱ्यात कार्ड घातलं तर भरलेलं! सोमवारी पुसलेलं कार्ड, आत कळंबचं बारसं जसंच्या तसं. हल्ली कार्डंसुद्धा डुप्लिकेट यायला लागलीत. प्रतिभाला दाखवलं. ती कार्डाकडं बघत राहिली, मग खिशातलं दुसरं कार्ड काढून दिलं. "हे घ्या," एवढंच म्हणाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी रखमाजींचा फोन. चिमाजी गेले. पहाटे झोपेतच.

चौदा दिवसांपूर्वी मला म्हणत होते, हासू का नको.

रखमाजी म्हणाले, "दादाभाऊ, दशक्रियेला फोटो लागंल. तुमी त्या दिवशी काढला व्हता ना, एकट्याचा. त्योच मोठा करून द्या. फ्रेम चांगली बघा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१३ डिसेंबर, शुक्रवार

भेटायला गेलो. प्रतिभानं व्हॅन आणली. ओट्यावर माणसं बसली होती. आम्ही आत जाऊन चिमाजींच्या बायकोजवळ, कोंडाबाईंजवळ बसलो. म्हातारी रडत नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

मी विचारलं, घरात आजोबांचा दुसरा एखादा फोटो आहे का. नातवानं मोबाईल दाखवला. लग्नातले पुष्कळ फोटो होते, पण सगळे नवरानवरीचे. आजोबा कुठं अर्ध्या कानापुरते, कुठं नुसता फेटा. मग आधारकार्ड आणलं.

कोंडाबाई म्हणाल्या, "त्ये नका लावू. त्यात जित्तेपणीच मेल्यावानी दिसत्यात. तुमी काढलेला द्या. त्या दिशी रातच्याला मला म्हनलं, फोटोवाल्यानं माझा झ्याक फोटो काढला. लई खूश व्हते."

मी म्हटलं, देतो. प्रतिभा माझ्याकडं बघत होती. मशीन बंद पडलंय हे सांगायला तोंडच उघडेना. दशक्रिया एकवीसला.

परत निघालो. नारायणगाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "मीपण काढला असेल त्यांचा. त्या दिवशी मी बरेच काढले." मी म्हटलं, असेल, पण त्यांना मी काढलेलाच पाहिजे. तिनं गिअर बदलला.

१४ डिसेंबर, शनिवार

श्रेया आली. बरोबर नवी मोठी डिस्क आणि एक पेनड्राइव्ह. आल्या आल्या चहासुद्धा न घेता मशीन उघडलं. पेनड्राइव्हवर म्हणे एक अख्खी लिनक्स आहे, डिस्कला हात न लावता मशीन तिच्यावर चालू होतं. झालं चालू! पडदा उजळला तसा मला हुरूप आला. मी म्हटलं, चला, झालं काम. ती म्हणाली, "पप्पा, हे नुसतं टॉर्च लावून बघणं आहे."

मग तिनं बघून सांगितलं. फोटोंच्या घरावर कुणीतरी नवीन फॉरमॅट मारलाय. विंडोजला लिनक्सचं घर ओळखता येत नाही. त्याला वाटतं रिकामा प्लॉट पडलाय, म्हणून ते विचारतं, साफ करू का?

"आणि कुणीतरी हो म्हणालंय," श्रेया म्हणाली.

मी प्रतिभाकडं बघितलं. ती कपातला चहा ढवळत होती. चहात साखर कधीच विरघळली होती.

"असेल," ती म्हणाली. "माझाच हात लागला असेल."

मला वाईट वाटलं. एवढी नीट काम करणारी बाई, पण चूक कुणाच्याही हातून होते. मी एक शब्द बोललो नाही. रागावून काय होणार? उलट संध्याकाळी मुद्दाम तिच्या आवडीची भेळ आणली. श्रेया माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होती.

आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची आणि जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर करायचे, असा श्रेयाचा नियम. नक्कल व्हायला दिवस गेला. एक रेघ पडद्यावर गोगलगायीसारखी सरकत होती. पोरीचा धीर मोठा. यात ती माझ्यावर गेलेली नाही.

अजून एक. मी भेळ घेऊन आलो तेव्हा मायलेकी आत बोलत होत्या. प्रतिभा म्हणत होती, "एकदम नको सांगायला, घाबरतील. नारायणगावचे चांगले आहेत म्हणतात. मी जाऊन बघून आले. माणूस शांत वाटला. हातपण हलका आहे म्हणे." मी पावलं वाजवली तशा गप्प झाल्या.

म्हणजे श्रेयानं मुलगा बघितलाय, नारायणगावचा. मी घाबरीन असं यांना का वाटतं? मी काही जुन्या वळणाचा नाही. फक्त 'हात हलका' हे कळलं नाही. उधळ्या असला तर मात्र विचार करावा लागेल.

१५ डिसेंबर, रविवार

फोटो निघायला लागले!

श्रेयानं नकलेवर एक प्रोग्राम चालवला. तो घराची पाटी, खोल्या काही विचारत नाही. सगळी जमीन इंच-इंच उकरतो आणि फोटोसारखं काही दिसलं की बाहेर काढतो. निघतात ते मात्र बिननावाचे. कुठला कुणाचा, काही कळत नाही. नुसते आकडे. लग्न, बारसं, जत्रा, पासपोर्ट फोटो, सगळं एका ढिगात. काही अर्धेच, वर नवरानवरी आणि खाली करडी पट्टी. एकात नवरीच्या मुंडावळ्या आणि खाली भलत्याच गावच्या बैलगाड्यांची शर्यत.

मी हताश झालो. एवढ्या ढिगात चिमाजी कुठं शोधायचे?

श्रेया म्हणाली, नाव पुसलं तरी प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख असते आणि कुठल्या कॅमेऱ्यानं काढला तेही असतं. तिनं चार ओळी लिहिल्या आणि ढीग आपोआप वेगळा व्हायला लागला. आधी तारखेप्रमाणं, मग प्रत्येक तारखेत दोन फोल्डर. मोठा कॅमेरा, जुना कॅमेरा. म्हणजे मी आणि प्रतिभा.

अठ्ठावीस नोव्हेंबरचं फोल्डर दिसलं तेव्हा मी देव्हाऱ्यात दिवा लावून आलो.

श्रेयाला उद्या ऑफिस. संध्याकाळच्या एसटीनं गेली. नवी डिस्क लावून रखवालदार तिनं परत दारात बसवला, आणि तिसरं पडीक घर पाडून टाकलं. जाताना मला जवळ घेतलं. असं ती लहानपणी करायची. मी म्हटलं, तुझ्या मनात काय असेल ते मोकळेपणी सांग, मी नाही म्हणणार नाही. तिनं आईकडं बघितलं. "आई सांगेल, पप्पा."

१६ डिसेंबर, सोमवार

चिमाजी सापडले. माझ्या फोल्डरमध्ये ओळीनं सगळे आहेत. आणि एकही उपयोगाचा नाही.

फोटो पडद्यावर मोठे करून मी एकेक बघितला. मागचा पडदा असा टकाटक की जरीचे धागे मोजावेत. पुढं चिमाजी धुक्यात बसल्यासारखे. सगळ्यांत तसंच. मी फोकस त्यांच्या डोळ्यांवर धरला होता, मला चांगलं आठवतं.

मग उरलेलं लग्न बघितलं. बरेचसे तसेच. माझे फोटो असे एकावर एक मी बऱ्याच दिवसांत बघितले नव्हते. निवड प्रतिभा करते, माझ्यासमोर येतो तो तयार अल्बम.

लेन्सच गेलीय. उद्या जुन्नरला ऋषीकडं नेतो. तो लेन्स उघडून दुरुस्त करतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

ऋषीनं लेन्स माझ्यासमोर स्वतःच्या कॅमेऱ्याला लावली. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी टिपली. मोठी करून दाखवली. पाटीवरचा रंगाचा पोपडासुद्धा दिसत होता.

"लेन्स झकास हाय, भाऊ. काय सुदीक झालं न्हाई."

"मग माझ्याकडं मऊ का येतं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "वहिनी काय म्हणत्यात?"

वहिनीचा काय संबंध? त्याला चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत, मीच दिले आणि निघालो. जुन्नरपासून मंचरपर्यंत मनात एकच. आता एकवीसला काय लावायचं? आधारकार्ड?

१८ डिसेंबर, बुधवार

आज लिहायला जड जातंय. तरी लिहितो.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या फोल्डरमध्ये बघू. प्रतिभानं उघडलं. हळद, बायकांच्या ओव्या, आरती आरशात बघताना. सगळे स्वच्छ. आणि मग चिमाजी आले.

बाजूनं काढलेला. ते माझ्याकडं बघताहेत, मी मात्र चित्रात नाही. फेटा जरा तिरका. 'दात न्हाईत' असं म्हणून स्वतःच हसले ना, नेमका तो क्षण. तोंड उघडं, बोळकं दिसतंय, डोळ्यांच्या सुरकुत्यांत पाणी.

 मग मला कळेना म्हणून मागच्या तारखा उघडत गेलो. काठापूरचं लग्न, घोडेगावची मुंज, आमच्या महाळुंगे पडवळमधलाच पुतण्याचा साखरपुडा. ज्या अल्बमबद्दल लोकांनी माझी पाठ थोपटली, त्यातले चांगले फोटो मला पाठ आहेत. एकेक करून ते सगळे जुन्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये निघाले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

प्रतिभा उठली, दुकानाचा काचेचा दरवाजा लोटून आली आणि समोर बसली. "उजवा डोळा झाका."

"कशाला?"

"झाका तर."

झाकला. भिंतीवर कॅलेंडर होतं, तारखा वाचल्या.

"आता डावा."

डावा झाकला. कॅलेंडर होतं. तारखा नव्हत्या. लाल-काळे डाग होते, कुणी ओल्या बोटानं फिसकटल्यासारखे. प्रतिभाचं तोंड होतं, पण डोळे कुठं आहेत ते अंदाजानं. मी हात काढला, परत झाकला. पाच-सहा वेळा केलं. बंद-चालू करून मशीन सुरू होतंय का बघावं तसं.

आणि कॅमेरा मी जन्मभर उजव्याच डोळ्याला लावत आलो.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मागच्या उन्हाळ्यात तुम्ही स्टेजवरनं पडलात तेव्हापासून. तुम्ही म्हणालात मांडववाल्यानं पायरी वाकडी बसवलीय. पायरी सरळ होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. चारदा बोलले. तुम्ही लेन्स दाखवायला निघालात."

मी लेन्स खोक्यात ठेवली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "ती डिस्क?"

"तुमच्याकडनं झालं. मी त्या दिवशी आईकडं होते. तुम्ही कार्ड समजून भलत्याला हो म्हणालात. पडद्यावर कार्डाला ई असतं, फोटोंच्या घराला एफ. तो फरक दिसला नसेल तुम्हाला."

"मग माझाच हात लागला असेल, असं का म्हणालीस?"

"पोरीसमोर काय म्हणू?"

"अगं, पोरीनंच तर सगळं शोधून काढलं ना!"

तिला हसू आलं. मग मलापण आलं. हसता हसता माझा आवाज बदलला, तेव्हा तिनं उठून पंखा लावला. डिसेंबरात.

"आणि तो नारायणगावचा?" मी विचारलं. "हलक्या हाताचा?"

"डोळ्यांचे डॉक्टर आहेत. मोतीबिंदू असेल तर काढतील, म्हणाले. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते तिला सांगितलं नाही. श्रेयाला तर अजिबात सांगणार नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

नारायणगाव. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून बघितलं. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू, डाव्यात सुरुवात. जानेवारीत करू म्हणाले. बाकी डोळा चांगला आहे.

थेंबांमुळं डोळ्यांना उजेड सोसेना म्हणून येताना मिटूनच बसलो. बघायचं नाही असं ठरवलं की बरंच ऐकू येतं. प्रतिभा गाडी चालवताना गुणगुणते, हे मला माहीत नव्हतं.

२१ डिसेंबर, शनिवार

दशक्रिया. नदीकाठी मंडपात फोटो ठेवला होता, मोठा, पितळी रंगाच्या फ्रेममध्ये. मी काल स्वतः उभा राहून करून घेतला, पण रंग प्रतिभानं पास केला.

येणारा प्रत्येक जण फुलं वाहायला वाकायचा आणि क्षणभर थांबायचा. एक-दोघं हसलेसुद्धा. दशक्रियेत फोटो बघून लोक हसतात, असं मी पहिल्यांदा बघितलं.

रखमाजींनी माझे हात धरले. "दादाभाऊ, तुमच्या हाताला तोड न्हाई. आबा समोर बसल्यावानी वाटत्यात."

माणसं भोवती होती. माझ्या मनात आलं, राहू दे, आज कशाला. दुःखाच्या ठिकाणी असल्या गोष्टी बोलू नयेत, असंही एक कारण मी लगेच शोधून काढलं. मला कारणं पटकन सापडतात, हे आता कळायला लागलंय.

"फोटो हिनं काढलाय," मी म्हटलं. "माझे सगळे खराब आले. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

रखमाजी काही बोलायच्या आत मागून कोंडाबाईंचा आवाज आला. "कुठं हाय ती? तिला म्होरं आना."

बायकांनी प्रतिभाला पुढं ओढलं. म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग फोटोकडं बघून म्हणाली, "कवळी बसवा म्हनत व्हती पोरं. बरं झालं न्हाई बसवली."

प्रतिभाला तिनं जेवणापर्यंत आपल्याशेजारी बसवून ठेवलं. मी चपला सांभाळत बसलो. बरं वाटत होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आठवडा झाला ऑपरेशनला. डॉक्टरांनी आज लिहा-वाचायला परवानगी दिली, म्हणून आधी वही काढली.

हात खरंच हलका आहे. काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा नर्सच्या कुंकवाचा रंग दिसला, मग खिडकीतली बोगनवेल. हे सगळं इतकं भडक असतं? मला वाटलं औषधाचा परिणाम असेल.

आज दुकान उघडलं. आत पाऊल टाकलं आणि थांबलो. मागच्या दिवाळीत मी स्वतः उभा राहून भिंत पांढरी रंगवून घेतली होती. ती आकाशी आहे.

"हे कधी केलं?"

"दिवाळीतच. तुम्हीच डबा निवडलात," प्रतिभा म्हणाली. "रंगारी विचारत होता, नक्की हाच का. तुम्ही त्याला म्हणालात, पांढरा कळत नाही का तुला."

"मग मला सांगायचं नाही का?"

"गिऱ्हाइकांना आवडली. राहू दिली."

तिळगूळ खाऊन भिंतीकडं बघत बसलो. चांगली दिसते.

९ फेब्रुवारी, रविवार

काल ओतूरला लग्न होतं. निघताना मी मोठा कॅमेरा प्रतिभाच्या गळ्यात घातला. तिनं परत माझ्या गळ्यात घातला. "तुमचा डोळा आता माझ्यापेक्षा चांगला झालाय. जड वजन तुम्हीच वागवा." शेवटी असं ठरलं की मांडवात तो तिच्याकडं, वरातीत माझ्याकडं. मांडवात मी लाइट धरून उभा राहिलो. "जरा वर. डावीकडं. अहो, डावीकडं!" असं तिनं भर मांडवात ओरडून सांगितलं. करवल्या हसल्या.

आज सुट्टी. बिननावाच्या ढिगाला नावं देत बसलोय. चेहरा बघून आठवायचं, गाव लिहायचं, कार्य लिहायचं. महिनाभर रोज थोडं करतोय. आज जुन्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमधला एक वेगळाच गठ्ठा लागला. त्यात नवरा नाही, नवरी नाही. मी आहे.

मांडवाच्या खांबाला टेकून लेन्स पुसतोय. पंगतीत वाकून एका म्हाताऱ्याला फोटो दाखवतोय. उन्हात कपाळावर हात धरून काहीतरी शोधतोय. घोडेगावच्या मुंजीत, बटूच्या बापाशी वाद घालतोय. जवळजवळ प्रत्येक कार्यात एक तरी. मला कधी कळलंच नाही, आणि निवड करताना तिनं ते माझ्यासमोर कधी येऊ दिले नाहीत. मी जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले. घरात माझा म्हणाल तर आमच्या लग्नातला, आणि त्यात मी डोळे मिटलेत.

"हे कशाला काढलेस?" मी हाक मारून विचारलं.

ती पोळ्या लाटता लाटता आली, पिठाच्या हातानं. पडद्याकडं बघितलं आणि जरा लाजल्यासारखी झाली. एवढ्या वर्षांनी. "कशाला म्हणजे? कॅमेरा हातात होता."

"बरं, मग याला नाव काय देऊ? गाव काय, कार्य काय?"

तिनं मला खुर्चीसकट बाजूला सारलं, पिठाच्या बोटांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं आणि पोळी करपेल म्हणून आत पळाली.

पडद्यावर लिहिलं होतं, 'आमचे हे'.